प्रज्वलन दुहेरी, चूक मात्र एकच

हवाई दल, नौदल आणि राष्ट्रीय छात्र सेना यांच्यासाठी १९४ हलकी विमाने घेण्याचा करार भारताने २०१५ साली स्लोव्हेनियाच्या पिपिस्ट्रेल कंपनीशी केला. त्यांतील ११० विमाने छात्र सेनेच्या वाट्याची होती. या विमानात ऑस्ट्रियाच्या रोटॅक्स कंपनीचे '९१२' मालिकेतील ८० अश्वशक्तीचे इंजिन असते. अशी इंजिने वयात आली की त्यांची इग्निशन मॉड्यूल बदलण्याची वेळ येते. जुने मॉड्यूल काढून नवे बसवायचे, एवढेच हे काम. पण सुरक्षिततेचा खरा प्रश्न नेमका तेथेच दडलेला आहे.

या इंजिनात चार सिलिंडर आणि आठ स्पार्क प्लग असतात. ठिणगी देणारी मंडले दोन असतात. एक निकामी झाले तरी दुसऱ्याच्या आधारे इंजिन चालू राहते. दोन्ही मंडलांचे मॉड्यूल मात्र इंजिनच्या माथ्यावर जवळजवळच बसतात. मॉड्यूलभोवतीचे तापमान ८० अंश सेल्सिअसपलीकडे जाऊ नये, अशी मर्यादा आहे. इंजिन बंद केल्यावर वारा थांबतो आणि आवरणाखालची उष्णता उलट वाढते. विदर्भातील मे महिन्याच्या दुपारी याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

नवे मॉड्यूल बसविताना स्वच्छ अर्थिंग आणि घट्ट जोड हवेच. त्याहून नाजूक भाग स्विचच्या तारांचा. ही तार अर्थ झाली की ठिणगी बंद होते. म्हणजे तार तुटली तर स्विच बंद करूनही मंडल जिवंतच राहते. म्हणून चाचणीत दोन्ही बाजू तपासाव्या लागतात. ४००० फेऱ्यांवर एकेक मंडल बंद केले असता घट ३०० पेक्षा आणि दोन्हींतील फरक ११५ पेक्षा जास्त असता कामा नये. पण घट अजिबात न होणे हेही शुभलक्षण नव्हे. दोन्ही स्विचच्या तारांची अदलाबदल झाली असेल, तर ती या चाचणीत कळतच नाही. पुढे बिघाड झाल्यावर तंत्रज्ञ चांगले मॉड्यूल काढतो आणि सदोष तसेच ठेवतो!

दोन्ही मॉड्यूल एकाच दिवशी, एकाच हाताने बदलली, तर एकाच गैरसमजातून दोन्ही मंडले धोक्यात येतात. कागदावरचे दुहेरी संरक्षण मग नावापुरते उरते. ५ मे १९८३ रोजी मायामीहून नासाऊकडे निघालेल्या ईस्टर्न एअरलाइन्सच्या एल-१०११ विमानाला याचा अनुभव आला. आदल्या रात्रीच्या देखभालीत तिन्ही इंजिनांच्या एकाच भागात सीलची रबरी कडी बसवायची राहिली आणि तेल गळून गेले. आधी एक इंजिन बंद करावे लागले, मग उरलेली दोन्ही बंद पडली. पहिले पुन्हा सुरू झाले म्हणून १७२ जण वाचले. दीर्घ सागरी उड्डाणे करणाऱ्या दुइंजिनी विमानांबाबत, दोन्ही इंजिनांचे तेच काम एकाच व्यक्तीने एकाच वेळी करू नये, हा दंडक आता रुळला आहे.

हलक्या विमानांच्या हँगरमध्ये कधीकधी एकच तंत्रज्ञ असतो, हे खरे. तरीही आज एक मॉड्यूल बदलावे, काही तास उड्डाण करावे आणि मगच दुसऱ्याला हात लावावा, हे अशक्य नाही. जोडणी दुसऱ्या डोळ्यांनी पाहिली जावी. चाचणीही सकाळच्या थंड इंजिनावर उरकून चालणार नाही. उष्णतेने उद्भवणारा दोष इंजिन पुरते तापल्यावरच बाहेर येतो. त्यासाठी विमान एक दिवस जादा जमिनीवर राहील, प्रशिक्षणाचे वेळापत्रक थोडे लांबेल. छात्राला प्रशिक्षकासोबत आकाशात धाडणाऱ्यांनी तेवढा वेळ आधीच धरून ठेवायला हवा.