टी-शर्टची साईज विचारता, मग किती धावलास हे का नाही विचारत?

प्रति,
अध्यक्ष आणि सर्व पदाधिकारी,
मॅरेथॉन संयोजन समिती

महोदय,

पुढच्या शर्यतीचे फलक बेळगावात लागले, निपाणीतही लागले. फलकावर सगळ्यात मोठा आकडा बक्षिसाचा, त्याखालोखाल पाहुण्यांचे फोटो. गेल्या शर्यतीनंतर मी लिहिलेल्या पत्रांना तुम्ही उत्तर दिले नाही. हातोहात दिलेल्या पत्राची पोच द्यायलाही तुमच्याकडे कोणी तयार झाले नाही. त्यामुळे जे बोलायचे ते आता चारचौघांत बोलतो. समितीचे नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचे त्यांना नावाशिवायही कळेल, आणि हाच कारभार जिथे जिथे चालतो तिथल्या संयोजकांनीही हे पत्र आपल्यालाच आले आहे असे समजावे.

माझी मुख्य तक्रार एकच आहे. 42 किलोमीटरच्या नोंदणीचा तुमचा अर्ज माझ्यासमोर आहे. नाव, जन्मतारीख, मोबाईल, रक्तगट, टी-शर्टची साईज. साईजसाठी स्मॉलपासून डबल एक्सएलपर्यंत चौकोन आखलेत. आजवर सलग जास्तीत जास्त किती किलोमीटर धावला आहात, हा प्रश्न अख्ख्या अर्जात नाही. धावताना कधी छातीत दुखले, चक्कर आली, घरात कोणी तरुण वयात अचानक गेले, असे काहीही विचारलेले नाही. पैसे जमा झाले की चेस्ट नंबर हातात. ज्याने आयुष्यात दहा किलोमीटर सलग मारलेले नाहीत त्यालाही तोच नंबर, आणि वर्षभर घाम गाळून आलेल्यालाही तोच.

हा अर्ज कोण भरतो, हे तुम्हाला माझ्याइतकेच ठाऊक आहे. निपाणी, चिक्कोडी, खानापूर, बेळगाव तालुक्यांतली भरतीची पोरं. पहाटे हायवेच्या सर्व्हिस रोडवर, शाळेच्या मैदानावर, माळावर ही पोरं पळत असतात. लष्कराच्या भरतीत 1.6 किलोमीटर साडेपाच मिनिटांत मारले की धावण्याचे पूर्ण 60 गुण मिळतात, म्हणून त्यांची सगळी तयारी त्या सोळाशे मीटरची. घड्याळ लावायचे, जीव तोडून चार फेऱ्या मारायच्या, थांबायचे, पुन्हा मारायच्या. ही मेहनत खोटी नाही. पण पूर्ण मॅरेथॉन म्हणजे तसले सोळाशे मीटर सलग 26 वेळा, आणि वर आणखी अर्धा किलोमीटर. सोळाशेचा दम आणि बेचाळीसचा दम यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. लांब पल्ल्यासाठी चार-पाच महिने लागतात. आठवड्याचे अंतर थोडे थोडे वाढवत न्यावे लागते, पंचवीस-तीस किलोमीटरची लांब धाव काही वेळा तरी अंगाखालून जावी लागते, धावता धावता काय प्यायचे आणि काय खायचे हे शरीराला शिकवावे लागते. फलकावर यातले एक अक्षर नाही. फलकावर बक्षीस आहे, आणि तेही सगळ्यात मोठे 42 किलोमीटरला. ज्याच्या घरी आई विड्या वळते आणि बाप दुसऱ्याच्या रानात ऊस तोडतो, तो पोरगा कुठल्या रांगेत उभा राहणार, हे कळायला फार अक्कल लागत नाही.

गेल्या शर्यतीत आमच्या मैदानावरचा एक पोरगा असाच त्या रांगेत उभा राहिला. वय एकोणीस. दहाच्या शर्यतीत नाव घाल, असे मी त्याला सांगितले होते, त्याने फलकाचे ऐकले. पहिले दहा किलोमीटर त्याने चाळीस मिनिटांत काढले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. पंचविसाव्यापर्यंत तो पहिल्या पाच-सहांत होता. तिशी ओलांडली आणि त्याचे पाय बदलले. तेहतिसाव्या किलोमीटरच्या पुढे मी मोटारसायकलने त्याला गाठले, तेव्हा तो रस्त्याच्या कडेने वाकडातिकडा चालत होता. निळ्या बनियनवर मिठाचे पांढरे ओघळ वाळलेले, ओठ फुटलेले, अंग तव्यासारखे तापलेले. "सर, पाय हायत का न्हाईत कळंना," एवढे तो बोलला. त्यानंतरचे बोलणे असंबद्ध होते, मला ओळखत असूनही तो दुसऱ्याच कोणाशी बोलावे तसे बोलत होता.

आता त्या जागेवर तुमच्याकडून काय काय होते ते सांगतो. पाण्याचे टेबल होते, टेबलावर पाणी नव्हते, रिकाम्या बाटल्या होत्या. टी-शर्ट घातलेले दोन कॉलेजचे स्वयंसेवक होते, चांगली पोरं होती, पण अशा वेळी काय करायचे हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. रुग्णवाहिका व्यासपीठाजवळ उभी होती. सकाळी सहाला सुटायची शर्यत पाहुण्यांची वाट पाहत सातनंतर सुटलेली, त्यामुळे उन्ह चांगलेच चढले होते. रस्ता वाहतुकीला खुला झाला होता, आणि मागची पोरं उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या बाजूने जीव मुठीत धरून धावत होती. त्या पोराला मी आणि आणखी एकाने मोटारसायकलवर मध्ये बसवून दवाखान्यात नेले. दुसऱ्या दिवशी त्याची लघवी काळ्या चहासारखी झाली. स्नायू फाटून त्यातला अंश रक्तात उतरला होता आणि मूत्रपिंडावर ताण आला होता. पोरगा वाचला. बरेच दिवस दवाखान्यात राहिला, घरच्यांनी कर्ज काढून बिल भरले, आणि ज्या भरतीसाठी तो वर्षभर पळत होता ती हुकली. तुमच्यापैकी एकही माणूस त्याला बघायला आला नाही. विचारल्यावर जे उत्तर मिळाले ते असे: "तो सज्ञान आहे, त्याने सही केली आहे."

या सहीविषयी बोलू. सगळी जबाबदारी माझी, संयोजकांवर कोणताही दावा करणार नाही, असे लिहिलेले ते हमीपत्र कन्नड आणि इंग्रजीत छापलेले होते. कन्नडला माझा विरोध नाही, या राज्याची ती भाषा आहे आणि ती असायलाच हवी. पण नोंदणीसाठी तुम्ही निपाणीच्या मराठी पोरांत फिरता, प्रचाराची पत्रके मराठीत वाटता, पैसे मागता मराठीत. जिवाची जोखीम सांगणारा कागद तेवढा मराठीत नाही. पत्रक मराठीत छापायला जमते, तर हमीपत्राचे एक पान का जमत नाही? न वाचता आलेल्या कागदावरची सही दाखवून तुम्ही हात झटकता, ही फसवणूक आहे. याला दुसरा शब्द माझ्याकडे नाही.

उद्घाटनाच्या भाषणात दरवर्षी फडेप्पा चौगुले यांचे नाव घेतले जाते. ही फडेप्पांची भूमी आहे, इथला पोरगा जन्मतःच धावपटू आहे, असे पाहुणे सांगतात आणि टाळ्या घेतात. नाव घेता तर पुरते घ्या. 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले. त्या वर्षीचे अंतर 42.75 किलोमीटर होते, आजच्यापेक्षा अर्ध्या किलोमीटरहून जास्त. त्यांनी ते 2 तास 50 मिनिटे 45 सेकंदांत पार केले, म्हणजे किलोमीटरला जेमतेम चार मिनिटे, आणि 19 वा क्रमांक मिळवला. फिनलंडचा हान्नेस कोलेहमाइनेन पहिला आला, फडेप्पा त्याच्यामागे अवघी 18 मिनिटे होते. पण ते तिथवर कसे पोचले? पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची पोरं दोराबजी टाटांनी पाहिली आणि त्यातून ऑलिंपिकला संघ पाठवण्याची खटपट सुरू झाली. त्या पोरांची आधी चाचणी घेतली गेली. चाचणीत जे टिकले त्यांनाच निवडले. निवडलेल्यांना जहाजाने आधी इंग्लंडला नेले, तिथे सराव करून घेतला, आणि मग अँटवर्पला उतरवले. एवढे करूनही त्याच शर्यतीत धावलेल्या, त्याच संघातल्या सदाशिव दातारांना ती पूर्ण करता आली नाही. शंभर वर्षांपूर्वी, ज्या काळात या देशात ऑलिंपिकचा संघ ही कल्पनाच नवी होती, तेव्हाच्या माणसांना एवढे कळत होते की आधी पारखायचे, मग तयार करायचे, आणि मगच पळायला लावायचे. तुम्ही फडेप्पांचे नाव घेऊन नेमके याच्या उलट करता. आमच्या पोराने पहिले दहा किलोमीटर फडेप्पांच्याच वेगाने काढले होते. फडेप्पांमागे जे होते ते त्याच्यामागे काहीच नव्हते.

तुमच्यातले एक डॉक्टर सदस्य मला म्हणाले की मॅरेथॉनमध्ये हृदय बंद पडणे लाखात एखादे. आकडा बरोबर आहे, पण अर्धवट सांगितलेला आहे. अमेरिकेत 2000 ते 2010 या काळात मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन धावलेल्या सुमारे 1 कोटी 9 लाख धावपटूंचा अभ्यास झाला. 59 जणांचे हृदय शर्यतीत बंद पडले, त्यातले 42 गेले. हृदय बंद पडण्याचे पूर्ण मॅरेथॉनमधले प्रमाण लाखाला एक, अर्धमॅरेथॉनच्या जवळपास चौपट. आणि जे 17 वाचले, त्यांच्या वाचण्यात जागच्या जागी छाती दाबून दिलेल्या उपचाराचा वाटा मोठा होता. तुमच्या मार्गावर छाती दाबायला शिकलेले किती जण उभे असतात? हृदयाला शॉक देणारे यंत्र मार्गावर कुठे असते? मुंबईच्या मॅरेथॉनमधली वैद्यकीय व्यवस्था देशातल्या मोठ्या व्यवस्थांत गणली जाते. तिथेही 2024 साली दोन धावपटू दगावले. तिथे ही स्थिती, तर एक रुग्णवाहिका व्यासपीठाजवळ लावून तुम्ही निश्चिंत कसे राहू शकता?

आणि नुसत्या हृदयाचे बोलून भागत नाही. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचे रक्त तपासले, तर 13 टक्के लोकांत सोडियम घटलेले निघाले, तिघांचे तर जिवावर बेतेल इतके. शर्यतीत भरमसाट पाणी-पेये पिणारे आणि चार तासांहून जास्त वेळ घेणारे यात अधिक होते. म्हणजे पहिल्यांदाच धावणारा, रमतगमत पोचणारा, प्रत्येक टेबलावर बाटली संपवणारा माणूस. तुमचे स्वयंसेवक लटपटणाऱ्या प्रत्येकाला एकच उपाय करतात, डोक्यावर एक बाटली आणि तोंडाला दुसरी. उष्माघाताच्या रुग्णालाही ते पुरत नाही, त्याला आधी बर्फाच्या पाण्याने जागेवर थंड करायचे असते, मग हलवायचे असते. बेळगावची हवा थंड म्हणून उष्माघात होत नाही, या भ्रमात कोणी राहू नये. उष्णता बाहेरून येते तशी धावणाऱ्याच्या स्नायूंतूनही येते. शरीराचे तापमान 40 अंशांच्या वर गेले की माणूस बरळायला लागू शकतो. आमचा पोरगा बरळत होता.

पुढची शर्यत तुम्ही बंद करा, असे मी म्हणत नाही. शर्यती व्हाव्यात, गावोगावची पोरं पळावीत. पण 42 किलोमीटरला नंबर देण्याआधी मागच्या वर्षभरातले अर्धमॅरेथॉनचे वेळेसह प्रमाणपत्र मागा. दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स शर्यतीत ठरलेल्या वेळेत मॅरेथॉन पूर्ण केल्याशिवाय कोणी उभाही राहू शकत नाही, आणि तरी जगभरातून हजारोंनी लोक तिथे जातात. गर्दी कमी होईल ही भीती खोटी आहे. ज्याच्याकडे प्रमाणपत्र नाही त्याला 10 किंवा 21 मध्ये घ्या, आणि बक्षिसाची रक्कम तशी वाटून द्या, म्हणजे कोवळ्या पोरांचा 42 कडे लोंढा वळणार नाही. हमीपत्र मराठीतही छापा. अर्जात आजवर सलग किती धावलात हा एक प्रश्न घाला. शर्यत सांगितलेल्या वेळेला सोडा, मग पाहुणे आले असोत वा नसोत. शेवटचा धावपटू पोचेपर्यंत किंवा गाडीत बसेपर्यंत रस्ता बंद ठेवा, आणि अर्ध्या अंतरानंतर दर काही किलोमीटरला बर्फ आणि शिकलेला माणूस ठेवा. यातल्या बहुतेक गोष्टींना व्यासपीठाच्या मंडपाएवढाही खर्च येत नाही.

या पत्राची प्रत मी जिल्हाधिकारी आणि पोलीस आयुक्त यांच्याकडे देत आहे. मार्गाची परवानगी देताना त्यांनी वाहतुकीच्या नकाशासोबत वैद्यकीय आराखडाही मागावा आणि तो नसेल तर परवानगी नाकारावी, अशी माझी त्यांना विनंती आहे.

आणि गावोगावच्या आईवडिलांना, तालमीच्या वस्तादांना, पोरं पळवणाऱ्या माझ्यासारख्या मास्तरांना सांगणे आहे. समितीने उत्तर देईपर्यंत सोळाशेच्या तयारीवर कोणी पोरगा 42 च्या रांगेत उभा राहणार असेल, तर त्याला हाताला धरून बाहेर काढा. नोंदणीचे पैसे बुडाले तर बुडू द्या.

आपला,
निपाणीजवळच्या एका गावातला धावण्याचा प्रशिक्षक