बदलीच्या आडून कपात

नोकरकपातीची बातमी होते, बदलीच्या आदेशाची होत नाही. अमुक हजार जणांना नारळ मिळाला की वृत्तपत्रांत मथळे झळकतात. परंतु 'महिन्याभरात निर्णय कळवा, दुसऱ्या शहरी हजर व्हा, अन्यथा वाट मोकळी आहे' अशा पत्रामुळे जे घरी बसतात, ते कोणत्याच आकड्यात मोजले जात नाहीत. कागदोपत्री त्यांनी स्वेच्छेने राजीनामा दिलेला असतो. बड्या कंपन्यांनी गेल्या काही वर्षांत हा मार्ग चांगलाच रुळवला आहे.

त्याचा कित्ता आयबीएमने घालून दिला. घरून काम करण्याची कल्पना जगाच्या गळी उतरवणाऱ्यांत ही कंपनी अग्रभागी होती. २००९ साली तिच्या सुमारे ३ लाख ८६ हजार कर्मचाऱ्यांपैकी ४० टक्के जणांना कार्यालयात जागाच नव्हती, आणि त्यातून वाचणाऱ्या भाड्याचे कौतुक कंपनीच करीत होती. २०१७ मध्ये मात्र अमेरिकेतील विपणन विभागाला फर्मान सुटले : न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्को, ऑस्टिन, केंब्रिज, अटलांटा आणि रॅले या सहा शहरांपैकी आपला गट जेथे असेल तेथे या. खांद्याला खांदा लावून बसल्याने कल्पकता वाढते, असे कारण देण्यात आले. ते सर्वस्वी खोटे नव्हे. नवशिक्या मुलांना शेजारी बसलेल्या जाणत्याकडून जे शिकायला मिळते, ते पडद्यावर मिळत नाही. परंतु त्या वेळी कंपनीचा महसूल सलग वीस तिमाह्या घटत होता, ही गोष्ट त्या कारणांत नव्हती. ज्यांनी वीस वर्षे लहान गावी राहून घर बांधले, त्यांच्यापैकी किती जण उठून न्यूयॉर्कला जाऊ शकणार, याचा हिशेब आदेश काढणाऱ्यांना ठाऊक नसेल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

कोरोनाकाळाने तर कोट्यवधी लोकांना घरून काम करायला लावले आणि ओसरताना हेच चक्र पुन्हा फिरले. जून २०२५ मध्ये अ‍ॅमेझॉनने आपल्या काही कार्यालयीन कर्मचाऱ्यांना सिएटल, आर्लिंग्टन यांसारख्या केंद्रांत स्थलांतर करण्यास सांगितल्याचे वृत्त आले. ठरवायला तीस दिवस, त्यानंतर हालचालीला साठ दिवस, आणि नकार देणाऱ्याला भरपाई नाही, असे त्याचे स्वरूप होते. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे कार्यालयीन मनुष्यबळ घटेल, असे कंपनीच्या प्रमुखांनी त्याच महिन्यात लेखी कळवले होते. पुढे ऑक्टोबरमध्ये १४ हजार आणि जानेवारी २०२६ मध्ये १६ हजार पदे गेली. आधी बदली, मग कपात, हा क्रम योगायोगाचा मानायचा काय?

अशा आदेशाची सर्वाधिक धास्ती एच-१बी परवान्यावर गेलेल्या भारतीय कुटुंबांना असते, आणि त्यांत मराठी घरे थोडी नाहीत. नोकरी सुटली की दुसरी शोधायला जास्तीत जास्त साठ दिवस; त्यात जमले नाही तर मुलांची शाळा अर्ध्यावर टाकून परतायचे. दूरच्या शहरात बदली स्वीकारली तरी नव्या ठिकाणासाठी कंपनीने नव्याने अर्ज करणे आवश्यक असते. अमेरिकन सहकाऱ्याला निदान नकार देण्याची चैन परवडते, याला तीही नाही.

इकडे भारतात काय चित्र आहे? टीसीएसने २०२० मध्ये जाहीर केले होते की २०२५ पर्यंत २५ टक्क्यांहून अधिक कर्मचाऱ्यांनी कार्यालयात येण्याची गरज उरणार नाही. तो भरवसा अनेक तरुणांनी खरा मानला. कोणी सांगली-साताऱ्याला वृद्ध आईवडिलांजवळ राहायला गेले, कोणी तेथेच कर्ज काढून घर घेतले. शहरात विखुरलेली कुटुंबे पुन्हा एका छताखाली आली. त्याच कंपनीने पुढे सर्वांना पाचही दिवस कार्यालयात बोलावले आणि २०२५ साल उजाडले तेव्हा सुमारे १२ हजार जणांच्या कपातीची घोषणा केली. ज्या वर्षाचे स्वप्न दाखवले, तेच वर्ष असे निघाले.

कायद्याचा आधार पाहू जाता तो पातळ आहे. नेमणूकपत्रात 'देशात कोठेही बदली' हे कलम बहुधा असतेच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. तीत कपात झालेल्या कामगाराला पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम कौशल्यनिधीतून देण्याची तरतूद आहे. राजीनामा दिलेल्याला ती नाही. सेवाक्षेत्रासाठीच्या आदर्श स्थायी आदेशांचा मसुदा २०२० च्या अखेरीस निघाला, त्यात घरून कामाचा उल्लेख प्रथमच आला. परंतु ते किती काळ, हे ठरवण्याचा अधिकार तेथेही नियोक्त्याकडेच ठेवला गेला.

व्यवसायाच्या गरजेनुसार माणसे हलवण्याचा अधिकार कंपनीला असावाच. मात्र ज्याला घरून काम म्हणूनच घेतले वा तशी लेखी मुभा दिली, त्याने स्थलांतरास नकार दिला तर तो राजीनामा न मानता कपात मानावी, त्याप्रमाणे भरपाई द्यावी आणि कपातीच्या आकड्यात त्याची नोंद व्हावी. स्थायी आदेशांत एवढे एक वाक्य घालण्यास केंद्रीय श्रम मंत्रालयाला अडचण नसावी. कामगार संघटनांनीही गिरण्या-कारखान्यांच्या फाटकाबाहेर पाहून हा प्रश्न हाती घ्यायला हवा. संगणकासमोर बसणाऱ्या या वर्गाने संघटनेपासून अंग चोरले, हे खरे असले तरी.