ओट्यावरचा उजेड

दिवा छताला मधोमध असला की ओट्यावर आपलीच सावली पडते आणि सुरी बोटावर येते. यावर एलईडी पट्टी चांगली. भिंतीवरच्या फळीखाली, पुढच्या कडेला लावा. उजेड हातावर पडेल. पट्टी 12 व्होल्टची घ्या. मीटरला 10 वॅट असेल तर दोन मीटरला 20. अडॅप्टर निदान 24 वॅटचा हवा, तोही चूल आणि पाण्यापासून दूर. पट्टी खुणेवरच कापा. डहाणूच्या खाऱ्या हवेत सिलिकॉनचे आवरण असलेलीच घ्यावी. घोलवडकडे चिकू खरवडून आत हिरवा की पिवळसर हे रात्री पाहायचे, तर खोक्यावर ‘सीआरआय 90’ वाचूनच घ्या. रंग फसला, तर कच्चा माल बाजारात जातो.