आजार म्हशीला, औषध पखालीला

मंडळी, आज जरा चिडून लिहितो आहे. विषय मोटारीचा आहे, पण ज्यांच्याकडे मोटार नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही.

थंडी पडली की आमच्या शिरूरला आणि तिकडे दौंडला जुन्या डिझेल गाड्यांचं एक दुखणं सुरू होतं. पहाटे गाडी लवकर सुरू होत नाही. झालीच तर हादरे देते, पांढरा धूर ओकते आणि दोन-चार मिनिटांनी शहाण्यासारखी चालू लागते. दुपारी तीच गाडी अर्ध्या सेल्फवर सुरू! अशा वेळी पहिला संशय हीटर प्लगवर घ्यायचा. पण गॅरेजात उत्तर मिळतं ते एकच, "बदलून टाका." काय बदलायचं? जे काही दुकानात विकायला असेल ते!

दौंडला माझ्या धाकट्या भावाच्या गाडीचं गेल्या जानेवारीत हेच झालं. नवी बॅटरी आली. सेल्फ खोलून झाला. नोझल काढून तपासायला गेले. गाडी पहाटे तशीच अडून बसलेली. भावजयीला आठवड्यातून दोनदा पहाटे पाचला डायलिसिससाठी पुण्याला न्यावं लागतं, म्हणजे प्रश्न नुसता पैशांचा नव्हता. शेवटी ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या एका पोरानं साधा टेस्ट लॅम्प लावून दहा मिनिटांत सांगितलं, चारातले दोन हीटर प्लग मेलेत. तोवर त्या प्लगांकडे कुणी वळूनही पाहिलं नव्हतं.

आता यात अवघड काय आहे? डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा वीस-बावीस पट दाबली की ती पाचशे अंशांच्याही वर तापते आणि त्यात डिझेल पेटतं. पण गारठलेलं लोखंड ती उष्णता पिऊन टाकतं. म्हणून जुन्या गाड्यांत प्रत्येक सिलिंडरला एक हीटर प्लग. चावी फिरवून डॅशबोर्डवरचा वेटोळ्याचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबायचं, ते त्याचं टोक लालबुंद होण्यासाठी. एखादा प्लग गेला तर त्या सिलिंडरमधलं डिझेल न जळता पांढऱ्या धुरातून बाहेर पडतं.

तपासणीही सरळ आहे. चावी चालू करून प्लगांवरच्या पट्टीला टेस्ट लॅम्प लावायचा. दिवा लागला नाही तर दोष प्लगांचा नाही; फ्यूज, रिले किंवा वायर बघा. चारही प्लग एका रात्रीत मरत नाहीत, हे साधं तर्कशास्त्र आहे. दिवा लागला, तर चावी बंद करून पट्टी सोडवायची आणि बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून टेस्ट लॅम्प एकेका प्लगला लावायचा. लागला तर आतली तार शाबूत, नाही लागला तर प्लग मेला. मल्टीमीटर असेल तर आणखी उत्तम. चांगल्या प्लगचा रोध जेमतेम एक ओहमच्या आसपास असतो. ओहमचा नियम १८२७ सालचा आहे आणि आपल्याकडे शाळेतल्या पोराला शिकवतात!

बदलतानाही घाई नको. प्लग गंजून हेडमध्ये धरलेला असतो. जोर लावला की तुटतो, आणि मग शे-पाचशेच्या कामासाठी हेड उतरवायची वेळ येते. इंजिन कोमट असताना, आदल्या दिवशी गंज सुटायचं तेल सोडून, हलक्या हातानं काढावा. नव्या गाड्यांत काही प्लग कमी व्होल्टचे असतात. त्यांना थेट बारा व्होल्ट दिले तर चांगला प्लगही जळतो, तेव्हा तिथे मीटरच लावावा. आणि तो हवेच्या नळीत ईथर मारायचा उद्योग तर बंदच करा. प्लग तापलेला असेल तर आत स्फोट होतो.

मेकॅनिक म्हणतात, "गुरुजी, चारही एकदम बदललेले बरे." एक मेला, बाकीचेही त्याच वयाचे असतील तर मलाही ते पटतं. पण ते तपासून झाल्यावर! एक मुलगा गणितात नापास झाला म्हणून आम्ही त्याला आधी इतिहासाची शिकवणी लावत नव्हतो.

मात्र खरा दोष एकट्या मेकॅनिकचा नाही. आयटीआयमध्ये 'मेकॅनिक डिझेल' हा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे, पोरं शिकून येतात. पण अर्धा तास तपासून "बॅटरी चांगली आहे, नुसता रिले गेलाय" असं सांगणाऱ्याच्या हातावर आपण काय ठेवतो? "त्यानं काय केलं, नुसता दिवा तर लावला!" असं म्हणून पन्नास रुपये. आणि नव्या बॅटरीचे हजारो रुपये मुकाट्यानं मोजतो. आपण वस्तूचे पैसे देतो, अकलेचे देत नाही. मग अकलेनं दुकान बंद केलं तर तक्रार कुणाकडे करायची?

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. तपासणीची मजुरी आधी ठरवा आणि आनंदानं द्या. कुठला भाग का गेला, हे समोर दाखवायला सांगा. जुना भाग परत मागा. आणि जो मेकॅनिक "थांबा, आधी बघू" म्हणतो, त्याला सोडू नका.

असो. तुमच्याकडचा अनुभव वेगळा असेल तर जरूर कळवा. भांडायला मी तयार आहे!