दुसरी किल्ली कोणाकडे?



कोरोनाच्या दिवसांत आपल्या सिंगापुरात वाटलेले ‘ट्रेसटुगेदर’चे टोकन आठवते ना? मार्च २०२० मध्ये सरकारने आधी मोबाईलचे ॲप काढले. स्मार्टफोन न वापरणाऱ्या आमच्यासारख्या म्हाताऱ्या माणसांसाठी जूनअखेर टोकन आले. आपण कोणाच्या जवळ होतो ते ब्ल्यूटूथने टिपले जाई आणि २५ दिवसांनी पुसले जाई. या नोंदींना सांकेतिक कुलूप होते. त्यालाच एन्क्रिप्शन म्हणतात. पण किल्ली सरकारकडे होती.

मंत्री विवियन बालकृष्णन यांनी जून २०२० मध्ये सांगितले होते की, ही माहिती फक्त साथीच्या कामासाठी. पुढे ४ जानेवारी २०२१ ला संसदेत कळले की, फौजदारी कायद्याखाली पोलीसही ती मागू शकतात. एका खुनाच्या तपासात मागितलीही होती. लोक नाराज झाले. मग फेब्रुवारीत कायदा करून हा वापर सात प्रकारच्या गंभीर गुन्ह्यांपुरता ठेवला. २०२३ मध्ये टोकन बंद झाले.

खुनी पकडला जावा, याला आमची ना नाही. पण आम्ही जन्मभर नर्सिंग केले. केसपेपर बाहेर जाणार नाही या भरवशावरच रोगी खरे सांगतो. तो भरवसा उडाला की रोगी दुखणे लपवतो आणि त्याचा त्रास साऱ्या वॉर्डाला होतो.

मुलांनो, तुम्ही आजीला व्हॉट्सॲपवर निरोप पाठवता, त्याची किल्ली फक्त तुमच्या आणि आजीच्या फोनमध्ये असते. कंपनीकडेही नसते. अफवा आणि गुन्हे थांबवण्यासाठी भारत सरकारने २०२१ च्या नियमांत म्हटले की, मागू तेव्हा निरोप पहिल्यांदा कोणी पाठवला ते कंपनीने सांगावे. कंपनी कोर्टात गेली. एप्रिल २०२४ मध्ये तिच्या वकिलांनी दिल्ली हायकोर्टात सांगितले की, एन्क्रिप्शन तोडायला लावले तर व्हॉट्सॲप भारतातून जाईल.

सरकारची अडचण खरी आहे. पण किल्लीला माणूस ओळखता येत नाही. पोलिसाने फिरवली तरी कुलूप उघडते, चोराने फिरवली तरी उघडते. शिवाय आज एका कामासाठी केलेली किल्ली उद्या दुसऱ्या कामाला लागते, हे आपण इथेच पाहिले. मंत्र्यांचा शब्दही तिला अडवू शकला नाही, नंतर कायदाच करावा लागला.

म्हणून कोणी म्हणाले, “तुमची माहिती सुरक्षित आहे,” तर एवढेच विचारा : किल्ली कोणाकडे आहे, आणि ती कशासाठी वापरायची हे कायद्यात लिहिले आहे का?