डॉक्टर पोहोचला, यंत्रणा कधी पोहोचणार?

दुर्गम आदिवासी भागात आयुष्य वेचणाऱ्या डॉक्टरांविषयी शहरी समाजाला मोठे अप्रूप असते. पुरस्कार जाहीर झाला की त्यांच्या त्यागाच्या कथा सांगितल्या जातात. मात्र त्यांच्या कामातून हाती आलेल्या निष्कर्षांचे शासनाने पुढे काय केले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचे गडचिरोलीतील कार्य या दृष्टीने तपासण्याजोगे आहे.

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतलेल्या या दाम्पत्याने १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था स्थापन केली. मोठ्या इमारतीतील रुग्णालयाची आदिवासींना भीती वाटते, हे ध्यानात घेऊन 'शोधग्राम'मध्ये झोपड्यांच्या धर्तीचे रुग्णालय उभे राहिले. नाव दिले गेले ते दंतेश्वरी देवीचे.

परंतु बंग दाम्पत्याचे वेगळेपण केवळ रुग्णसेवेत नाही. त्यांनी लोकांच्या आजारांची मोजदाद केली. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार, दोन गावांतील ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक व्याधी होत्या. पूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के होत्या. ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे केवळ बाळंतपण व कुटुंबनियोजन, ही समजूत या आकड्यांनी मोडीत काढली.

पुढचा प्रयोग नवजात अर्भकांचा होता. ३९ गावांतील स्त्रियांना 'आरोग्यदूत' म्हणून प्रशिक्षण देण्यात आले. बाळाला ऊब देणे, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे, जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे ही कामे त्यांनी घरोघरी जाऊन केली. तेथील नवजात मृत्युदर दर हजारी ६२ वरून तिसऱ्या वर्षी सुमारे २५ वर आला. तुलनेसाठी निवडलेल्या गावांत तो ६० च्या आसपासच राहिला. १९९९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. २०११ मध्ये केंद्र शासनाने 'आशा' कार्यकर्त्यांमार्फत घरोघरी नवजात बालसेवेचा देशव्यापी कार्यक्रम सुरू केला.

म्हणजे प्रयोग धोरणात उतरण्यास १२ वर्षे लागली. उतरतानाही त्याचे रूप पालटले. आरोग्यदूत बाळावर घरीच उपचार करीत असे. राष्ट्रीय कार्यक्रमात भर आहे तो ठरावीक भेटी, धोक्याची लक्षणे ओळखणे आणि बाळाला रुग्णालयात पाठविणे यांवर. पाठविण्यासाठी रस्ता, वाहन आणि जागेवर असलेला डॉक्टर लागतो. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, तेव्हा केवळ लक्षणे ओळखून भागत नाही.

डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली २०१३ मध्ये नेमलेल्या समितीने आदिवासी आरोग्यावरील अहवाल २०१८ मध्ये सादर केला. त्याच वर्षी दाम्पत्याला पद्मश्रीने गौरविण्यात आले. २०११ च्या जनगणनेनुसार देशात १० कोटींहून अधिक आदिवासी आहेत. एवढ्या लोकसंख्येचे आरोग्य मूठभर ध्येयवाद्यांच्या भरवशावर सोडता येणार नाही. एका डॉक्टराने आयुष्य दिले, हे समाजाचे भाग्य. तसे कोणी मिळाल्याशिवाय उपचारच मिळू नयेत, हे मात्र शासनव्यवस्थेचे अपयश होय. सन्मान लवकर होतो, शिफारशींची अंमलबजावणी रेंगाळते. खऱ्या गौरवाची कसोटी या दुसऱ्या गोष्टीतच आहे.