'हो' म्हटलं म्हणजे झालं?

शनिवारची दुपार, दर्यापूर, बाहेर रणरणतं ऊन आणि लाईट गेलेली. लॅपटॉपची बॅटरी आहे तोवर लिहून घेतो...

सकाळी मामाला मोतीबिंदूसाठी दवाखान्यात नेलं होतं. नर्सने संमतीपत्र पुढे केलं. मी वाचून दाखवायला लागलो, तर मामा म्हणतो, "सही कुठी करू ते सांग ना बा! वाचून काय समजते मले?" आणि केलीसुद्धा सही. मी हसलो, पण पोटात गोळा आला. कारण सांगतो.

मी पुण्यात औषधांच्या चाचण्यांचा डेटा सांभाळणारं सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या टेबलमध्ये माणसाला नाव नसतं, नंबर असतो. गेल्या आठवड्यात सिस्टीम काही रेकॉर्ड्स घेईना, कारण 'संमतीची तारीख' हा रकाना रिकामा. डेडलाईन डोक्यावर. सीनियर म्हणाला, "तो चेक काढून टाक रे, नंतर भरतील ते." मी काढला. एक ओळ, दोन मिनिटं.

आता थोडा इतिहास. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. हाफकिनने लस बनवली आणि 10 जानेवारी 1897 ला आधी स्वतःला टोचून घेतली. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा तिथल्या सुमारे दीडशे कैद्यांनी 'हो' म्हणून लस घेतली. न घेतलेल्यांशी तुलना झाली आणि लस घेतलेल्यांत आजारी कमी पडले. परळच्या संस्थेला आज हाफकिनचंच नाव आहे. माणूस मोठा होता, वादच नाही. पण दाराला कुलूप, आत प्लेग आणि समोर सुई घेतलेला साहेब... अशा वेळच्या 'हो'ची किंमत किती? लस चांगली निघाली म्हणून हा प्रश्न मिटत नाही.

हाच प्लेग चाळीसेक वर्षांनी युद्धात वापरला गेला. चीनमध्ये हार्बिनजवळ जपानी सैन्याच्या 'युनिट 731' मध्ये कैद्यांना मुद्दाम प्लेग देत आणि जिवंतपणी चिरून बघत. तिथे कुणी काही विचारतच नव्हतं. कैद्यांना म्हणायचे 'मारुता', म्हणजे ओंडके. युद्धानंतर प्रमुख शिरो इशी आणि मंडळींना अमेरिकेने खटल्यातून अभय दिलं. कशाच्या बदल्यात? डेटाच्या!

जर्मन डॉक्टरांवर मात्र खटला चालला. 9 डिसेंबर 1946 ला न्युरेंबर्गमध्ये 23 जण उभे केले. बचाव काय, तर तुम्हीही तुमच्या तुरुंगांत मलेरियाचे प्रयोग केलेच की! अमेरिकेत ते खरंच झाले होते. ऑगस्ट 1947 च्या निकालात न्यायाधीशांनी दहा कलमं लिहिली. पहिलंच कलम स्वेच्छेने, समजून दिलेल्या संमतीचं. आणि मध्येच 'आता बास' म्हणायचा हक्कही त्या माणसाला दिला.

माझ्या एका ओळीची तुलना हार्बिनशी करणं हास्यास्पद आहे, मान्य. तिथे क्रौर्य होतं, इथे फक्त घाई. पण घाईतही होतं तेच, समोरच्याला विचारायचं राहून जातं आणि काम मात्र पुढे सरकतं. आपण आयटीवाले संमतीला कागदपत्र समजतो, 'आय अ‍ॅग्री'वर डोळे झाकून क्लिक करतो आणि दुसऱ्यालाही तेच करायला लावतो. माझ्या टेबलमध्ये चाळीस कॉलम आहेत. रक्तदाब, वजन, डोस... सगळे त्या माणसाबद्दल. तो स्वतः बोलतो असा कॉलम एकच, आणि तोच मी ऐच्छिक करून टाकला!

सोमवारी तो चेक परत टाकतोय. डेडलाईन गेली तर गेली. शिव्या खायची तयारी आहे.

आणि हो, जेवण झाल्यावर मामाला तो कागद वऱ्हाडीत समजावून सांगितला. दहा मिनिटं शांत ऐकलं. मग म्हणाला, "अन् दुसऱ्या डोयाचं काय?"

म्हणजे समजत होतं की! सकाळी कुणी नीट सांगितलंच नव्हतं.